गोव्याला जाताना एफ, येतानाही एफ

शुक्रवार

पुण्याहून गोव्याच्या विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: उजवी, समुद्र दिसतो. खिडकी बरोबर सांगतात, कारण मात्र पटण्यासारखं नाही. हे विमान समुद्राच्या कडेने जातच नाही. पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं मोपा हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ७३.९ अंश पूर्वेच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सरळ दक्षिणेला उतरते आणि वाटभर सह्याद्रीच्या माथ्याला चिकटून राहते. भाटघर, वाई, कोयनेचं खोरं, चांदोली, राधानगरी, आंबोली. समुद्र तिथून चांगला पन्नास-साठ किलोमीटर लांब. विमान या रेघेपासून थोडं इकडेतिकडे सरकतं, पण मोहरा दक्षिणेकडेच.

दिशा कळली की उरतो तो सूर्य. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांतून आत येतं. डाव्या खिडकीचे, म्हणजे ए सीटवाले, विमान जरा वर गेलं की पडदे ओढून घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ऊन समोरून आलं की खालचा मुलूख दुधात बुडवल्यासारखा दिसतो, वर खिडकीवरचा एकेक ओरखडा उजळून निघतो. उजवीकडे, म्हणजे एफच्या खिडकीत, ऊन आपल्या पाठीमागून जाऊन समोरच्या डोंगरावर पडतं. प्रत्येक सोंडेची सावली शेजारच्या घळीत उतरलेली, धरणाचं पाणी निळं, वस्त्यांची छपरं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. म्हणून माझा नियम साधा आहे. सूर्याकडे पाठ करून बसायचं. समुद्र की डोंगर हा प्रश्न त्यानंतरचा. नदी चांदीसारखी चमकताना बघायची असेल तर मात्र ए घ्या. उन्हाच्या बाजूला कृष्णा जी लकाकते ती आमच्याकडून दिसत नाही.

आमचं विमान एटीआर होतं, पंख्याचं. पंख्याचं विमान म्हटलं की नाक मुरडणारे बरेच. खिडकीसाठी याच्याइतकं चांगलं वाहन नाही. पंख खिडक्यांच्या वर बसवलेले असतात, त्यामुळे खाली बघताना मध्ये काही येत नाही. उडतंही जेटपेक्षा बरंच खालून आणि सावकाश. रांगेत दोन-दोन सीट, ए-सी आणि डी-एफ, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. एक काळजी घ्यायची. पुढच्या काही ओळींच्या खिडकीशी पंखा गरगरत असतो, त्याच्या मागे इंजिनाचं पोट येतं. म्हणून मागच्या भागातली सीट घ्यावी. दारही मागेच असतं, चढायला-उतरायला सोपं, आणि कंपन्या मागच्या ओळींना भाव कमी लावतात. सगळं जमून येतं.

मी एफ घेतली आणि नवऱ्याने माझ्या मागच्या ओळीतली एफ. हवाईसुंदरीने दोनदा विचारलं, शेजारी बसायचंय का. नको म्हटलं. शेजारी बसलो असतो तर एकाने बाहेर बघायचं आणि दुसऱ्याने त्याच्या कानामागे बघायचं.

सिंहगड त्याच्या टीव्ही टॉवरवरून लगेच ओळखू येतो. त्याच्या पलीकडे राजगड-तोरणा, पण इतक्या डोंगरांत नेमका कुठला ते सांगताना पैज लावू नये. पाचगणीचं टेबललँड वरून अगदी पाट ठेवल्यासारखं सपाट. मग कोयनेचं पाणी येतं आणि संपतच नाही. शिवसागर हा तलाव रुंद नाही, लांब आहे. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरत शिरत उत्तर-दक्षिण पसरलेला. त्याच्या अलीकडच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसल्या, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या. एरवी खालून जाताना त्या अंगावर येतात. इथून त्यांच्या फक्त सावल्या दिसत होत्या, पठारावर आडव्या पडलेल्या, आणि सावलीचं पातं फिरताना कळत होतं.

चांदोलीच्या पुढे कोकणात धुकं भरलेलं होतं. नोव्हेंबरात सकाळी नद्यांची खोरी अशी काठोकाठ भरतात. त्या पांढऱ्या धुक्यावर, खिडकीतून जरा मागे आणि खाली, एक रंगीत वर्तुळ आमच्याबरोबर पळत होतं. बाहेरून तांबडं, आत पिवळसर, मग हिरवट-निळं. इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात माणसं तासन् तास ज्याची वाट बघत बसतात, तेच. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडतं, धुक्याच्या किंवा ढगाच्या थेंबांवर. म्हणजे सूर्याच्या बाजूला बसलेल्याला ते कधीच दिसणार नाही, आणि पाठ करून बसलेल्याला ढग असले की बहुतेक वेळा दिसतं. मी मागे वळून नवऱ्याला खूण केली. तो आधीच खिडकीला नाक लावून होता.

गंमत अशी की वर असताना त्या वर्तुळाच्या मध्ये विमानाची सावली नव्हती. इतक्या अंतरावर सावली विरून जाते, नुसतं वर्तुळ उरतं. आंबोलीच्या पुढे विमान उतरायला लागलं, तशी वर्तुळाच्या मध्ये आधी एक करडा ठिपका आला, मग त्याला पंख फुटले, आणि शेवटी आख्खं एटीआर शेपटासकट धुक्यावरून धावताना दिसलं. नीट बघितलं तर वर्तुळाचा मध्य सावलीतल्या विमानाच्या शेपटाकडच्या भागावर होता, म्हणजे जिथे मी बसले होते तिथे. प्रत्येकाचं इंद्रवज्र त्याच्या स्वतःच्या सीटभोवती असतं. मागे बसलेल्या नवऱ्याचं त्याच्या सीटभोवती.

मोप्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरचा गार वारा समुद्राकडे वाहत असतो, म्हणून तेव्हा विमान समुद्राच्या बाजूने येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरण्याची शक्यता जास्त. दुपारनंतर खारा वारा सुटला की उलटं. आमचं पहिल्या प्रकारचं होतं. किनारा ओलांडून पाण्यावर आलो, डावीकडे वळलो. वळताना डाव्या बाजूच्यांची चैन झाली, त्यांचा पंख खाली, आमच्या खिडकीत नुसतं आभाळ. मग विमान सरळ झालं आणि उजवीकडे केरीपासून हरमल, मांद्रे, मोरजीपर्यंत किनारा एका दमात समोर आला. तेरेखोल नदी आणि तिच्या काठावरचा किल्ला डावीकडे राहिला. तो दिसला नाही याची मला चुटपुट लागली, पण सगळं एका बाजूला मिळत नाही.

तिकीट काढताना एक बघा. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. जुनं दाबोळी, त्याचा कोड जीओआय. आणि मोप्याचं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जीओएक्स, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. एक दक्षिणेला वास्कोशी, दुसरं पार उत्तरेला पेडण्यात. राहायचं काणकोणात आणि उतरायचं मोप्यावर, असं झालं तर खिडकीतून वाचवलेलं सगळं टॅक्सीत जातं. आम्हाला म्हापशाला मावशीकडे जायचं होतं, त्यामुळे मोपा सोयीचं. बाहेरून कदंबची बस मिळाली.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मावशीने आधीच फोनवर बजावलं होतं, येताना मिरची घेऊन या, हरमलचीच घ्या, आणि विकणारी म्हणेल त्यावर जाऊ नका, वास घ्या. वास घेऊन घेतली. दुपारी माशांचं हुमण, उकड्या तांदळाचा भात. त्यानंतर काही केलं असेल तर झोप.

शनिवार

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पूर्वी बार्जवर सारंग होते, मालवाहू बोटीचे कप्तान. डिचोली, उसगावकडच्या धक्क्यांवरून लोहखनिज भरायचं आणि नदीतून मुरगाव बंदरात मोठ्या जहाजाला नेऊन द्यायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनीही काम सोडलं. विमानात ते चार-पाचदा बसलेत, पण खिडकीत एकदाही नाही. "मला काय करायचीय गो खिडकी, पाय पसरायला जागा पाहिजे." सोमवारी ते आणि मावशी आमच्याबरोबर पुण्याला येणार होते, मामेबहिणीच्या साखरपुड्याला. तेव्हा त्यांना खिडकीत बसवायचंच, असं मी मनात धरलं होतं. पण त्यांना आधी वरून काय दिसणार ते दाखवायला हवं होतं, आणि ते दाखवायला गोव्यात दिवाडीसारखी जागा नाही.

जुन्या गोव्याहून फेरीबोट. दोन मिनिटांत पलीकडे. दिवाडी हे मांडवीतलं बेट. वर पिएदादची टेकडी, टेकडीवर चर्च. त्याच्या अंगणातून खाली बघितलं की विमान न घेता विमानातून बघितल्यासारखं दिसतं. मांडवीचे फाटे, पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे, आणि मध्ये चौकोनी-त्रिकोणी तुकड्यांची ओली सपाट जमीन. ही खाजनं. भरतीचं खारं पाणी अडवायला पूर्वजांनी बांध घातले आणि खाडीची जमीन भाताखाली आणली. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून उघडतं. मोटर नाही, वीज नाही. काकांनी मला बांधावर नेऊन एक मानस दाखवली. ओहोटी चालू होती. दाराच्या फळीला शेवाळ आणि कालवं धरलेली, फटीतून पाणी फुसफुसत बाहेर पडत होतं, आणि दाराच्या तोंडाशी एका पोराने जाळं लावून ठेवलं होतं. पाण्याबरोबर मासळी येते, ती त्यात अडकते. हे जाळं लावायचा हक्क म्हणे लिलावात जातो.

खाजन वरून ओळखायची खूण एकच. नदीच्या कडेला एक बारीक, वेडीवाकडी, पण न तुटणारी रेघ, आणि त्या रेघेच्या आत पाण्याचा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की गोव्यावरून उडताना नुसतं "किती हिरवं आहे" एवढ्यावर भागत नाही. विमानातून फक्त समुद्रकिनारे शोधणाऱ्यांना गोव्याचा अर्धा भाग दिसतच नाही, असं माझं मत आहे.

काकांना खाजनापेक्षा पाणी महत्त्वाचं. टेकडीवरून त्यांनी पूर्वेकडे बोट केलं. "तिथून कुंभारजुव्याचा कालवा." हा कालवा मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडतो, त्याच्यामुळेच तिसवाडी हे बेट झालं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र, बार्ज बाहेर काढणं जिवावरचं. मग खनिज घेऊन बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या आणि तिथून बंदरात. काकांनी हा रस्ता किती वेळा केला असेल ते त्यांनाही सांगता येत नाही. "पण कालवा कसा वळतो ते मी कधी बघितलंच नाही. समोरचं वळण दिसतं, मागचं गेलं."

म्हणून म्हटलं, खिडकी घ्या.

पुढे नार्व्याला जाऊन यायचं होतं. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवरचं. पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. फेरीतून पलीकडे गेलो, दर्शन घेतलं, आलो.

संध्याकाळी वेब चेक-इन उघडलं. परतीचं विमान संध्याकाळचं, दाबोळीहून, जेट, एअरबस ए३२०. इथे एटीआरची मजा नाही. पंख खिडक्यांच्या खाली असतात आणि साधारण दहाव्या ओळीपासून विसाव्यापर्यंत खालचं सगळं झाकून टाकतात. सीटच्या नकाशात पंख दाखवतात, पण तो मागे निमुळता होत जातो हे त्यात नीट कळत नाही, म्हणून पंखाच्या मागच्या दोन-तीन ओळीही सोडून द्याव्यात. पंखापुढची जागा उत्तम आणि महाग. पंखामागची स्वस्त, पण तिथे इंजिनाच्या गरम झोतामुळे खालचं दृश्य पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. डोळ्यांना चालतं, फोटोला चालत नाही. बोईंग ७३७ असेल तर आणखी एक जपायचं. पंखाच्या जरा पुढे एखाद्या ओळीला खिडकीच नसते, वातानुकूलनाची नळी तिथून वर जाते. नकाशात ती सीट खिडकी म्हणूनच विकतात. पैसे भरून भिंत बघायची.

मावशीच्या शेजारीण ओटीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांचा मुलगा मुंबईला, मुलगी बेंगळुरूला. त्यांच्यासाठी पण सांग म्हणाल्या. मुंबईहून सोपं आहे. विमान कोकणावरून खाली येतं, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग सगळे उजवीकडे पडतात आणि सकाळचं ऊन डावीकडून. एफ घ्यावी आणि मालवणच्या खाली देवबागची चिंचोळी जीभ बघावी, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. बेंगळुरूचं विमान वायव्येकडे येतं. सकाळी सूर्य शेपटामागे, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या; कारवार आणि काळी नदी हवी तर डावी, दूधसागरच्या बाजूचं जंगल हवं तर उजवी. संध्याकाळी मात्र उजवीच, डावीकडे डोळ्यांवर ऊन. बाईंनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

रविवार

बोगमाळ्याच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, म्हणून आजच. १९९८ पासूनचं. आवारात जुनी विमानं उभी आहेत: सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर, आणि सगळ्यांत मोठं सुपर कॉन्स्टेलेशन, तीन शेपट्यांचं, पाठ जराशी वाकलेली. लहान मुलं हॅरिअरकडे पळतात. मला कॉन्स्टेलेशनच्या खिडक्या बघायच्या होत्या. पंख तिथेही खालीच. म्हणजे मधल्या ओळींतल्या लोकांची तक्रार तेव्हाही हीच असणार.

दाबोळी पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये बांधलं. तिथून त्यांची विमानं कराची, दमण, दीव अशी जायची. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि पुढच्या वर्षी तळ नौदलाकडे आला. आजही तो नौदलाचाच आहे. आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी. नौदलाच्या उड्डाणांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. धावपट्टीवर असताना फोटो काढायला मनाई आहे, तशी घोषणाही होते. लोहगावही हवाई दलाचं, तिथेही तेच. घोषणा झाली की फोन खाली ठेवावा. डोळे उघडे ठेवायला कुणी अडवत नाही.

दुपारी बोगमाळ्याच्या किनाऱ्यावर पडून राहिलो. नवरा पोहायला गेला, मावशी आणि मी शहाळं घेऊन सावलीला. काम एकच होतं: विमानं कुठल्या बाजूने उडतात ते बघणं. खारा वारा सरळ तोंडावर येत होता, आणि एकामागून एक विमानं त्याच वाऱ्याकडे तोंड करून, पश्चिमेला, समुद्रावर उडत होती. मुंबई-पुण्याची पाण्यावर गेली की उजवीकडे, उत्तरेला वळत होती.

यावरून दुसऱ्या दिवसाचा सगळा हिशोब लागतो. विमान समुद्रावर जाऊन उजवीकडे वळलं की उजवा पंख खाली जातो आणि एफच्या खिडकीत आख्खा उत्तर गोवा उभा राहतो. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा आपल्या पाठीशी. जाताना एफ, येतानाही एफ. दिशा उलटी झाली, वेळही उलटी झाली, बाजू तीच राहिली. सकाळी जाऊन सकाळी परतलो असतो तर येताना ए घ्यावी लागली असती.

नवऱ्याला हे मान्य नव्हतं. त्याला सूर्यास्त हवा होता, आणि तो डावीकडे. समुद्रात बुडणारा सूर्य तर म्हापशाहून दहा किलोमीटरवर रोज फुकट दिसतो, त्यासाठी विमानात सीट कशाला, असं मी म्हणाले. मावशी म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. मी याच्याबरोबर डावीकडे बसते, मला बुडता सूर्य आवडतो." झालं. डावीकडे ते दोघं, उजवीकडे काका पुढे आणि मी त्यांच्या मागे, दोघंही पंखापुढच्या एफवर. पैसे गेले थोडे. काकांना किंमत सांगितली नाही.

सोमवार

खिडकीत बसल्यावर पहिलं काम: रुमालाने काच पुसायची. आतली काच आपली असते, बाहेरच्या दोन आपल्या हातात नाहीत. मधल्या काचेला खाली एक बारीक भोक असतं. काकांना वाटलं काच फुटलीय. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, दाब बाहेरच्या काचेवर जावा आणि वाफ धरू नये म्हणून. फोन काचेच्या जवळ धरायचा पण टेकवायचा नाही, टेकवला की विमानाची थरथर फोटोत उतरते. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याला पोलरायझर लावलेला असेल तर काढून टाका, खिडकीच्या प्लॅस्टिकवर इंद्रधनुषी डाग दिसतात.

पश्चिमेला उडालो. उजवीकडे वास्को, बायणा, मग मुरगावचं टोक आणि बंदराचा लांब बांध. बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबलेली जहाजं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. काका बोलू लागले आणि थांबलेच नाहीत. कुठल्या धक्क्याला कुठलं खनिज, कुठे पाणी उथळ, कुठे एकदा बार्ज रुतली. विमान वळलं. झुआरीचं रुंद मुख, त्यावरचा नवा पूल त्याच्या तारांसकट, मग काबोचं टोक, दोनापावला, मिरामारची वाळू, मांडवी. मांडवीच्या मुखाशी पाण्याखालचा वाळूचा दांडा फिकट पिवळ्या चंद्रकोरीसारखा स्पष्ट दिसत होता. काकांनी काचेवर बोट ठेवलं. "हा बघ. ह्याच्यासाठी आम्ही पावसाळ्यात कालव्यातून जायचो."

आणि कालवा? दिवाडी आणि चोडण ही बेटं उन्हात सोन्यासारखी उजळलेली, त्यांच्या कडेने खाजनांच्या रेघा. त्यांच्या मागे एक बारीक पाण्याचा दोरा दोन नद्यांमध्ये वळसे घेत गेलेला. मला तो क्षणभर दिसला, मग पुलाच्या दिशेने हरवला. काकांना तो पूर्ण दिसला म्हणे. ते वळणं मोजत होते आणि प्रत्येक वळणाचं नाव घेत होते. इंजिनाच्या आवाजात मला निम्मी ऐकू आली नाहीत.

आग्वादचा किल्ला, कळंगुट-बागाची सरळ वाळू, हणजुण्याचे काळे खडक, शापोरा. शुक्रवारी चुकलेला तेरेखोलचा किल्ला आता उजवीकडे, तांबूस दिसत होता. किनाऱ्यापासून आत दूरवर सड्यावर मोप्याची धावपट्टी, एक फिकट पट्टा. खाणींचे तांबडे खड्डे आणखी मागे, डोंगरांच्या पायथ्याशी. उतारूंपैकी बहुतेक जण तोवर सँडविचकडे वळले होते.

मग विमान समुद्र सोडून जमिनीच्या बाजूला आलं आणि सह्याद्री सुरू झाला. सकाळी या कड्यांची पश्चिमेची बाजू सावलीत होती, आता तिच्यावरच ऊन पडलेलं. आंबोलीच्या परिसरातले कडे तळापासून माथ्यापर्यंत उजळलेले, आणि माथ्यापलीकडे देशावर आधीच अंधारायला लागलेलं. जेट उंच गेलं तशी ही मजा कमी झाली; तीस हजार फुटांवरून कडा म्हणजे नुसती सुरकुती. तोवर डावीकडून मावशीचा हात हलायला लागला. तिच्या खिडकीत सूर्य बुडत होता आणि ती माझ्या नवऱ्याला मोठमोठ्याने तो किती उरला ते सांगत होती, जसा काही त्याला दिसत नव्हता.

लोहगावला बॅगांच्या पट्ट्याशी उभे असताना काकांनी परतीच्या तिकिटाचं विचारलं. सकाळचं आहे, मोप्याला, एटीआर. मग सकाळी दक्षिणेला जाताना ऊन कुठल्या बाजूला, ते त्यांनी हाताने हवेत काढून बघितलं आणि म्हणाले, मला एफ. मावशी म्हणाली, मलाही, ते गोल इंद्रवज्र की काय ते मला बघायचंय. पट्ट्यावर बॅग यायच्या आत मी फोनवर पंख्याच्या मागच्या दोन ओळी धरल्या, एक पुढे, एक मागे.